ठकूमायचं टोपलं

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच — का, ते पुढे कळेल.

वाशीमच्या आमच्या जुन्या वस्तीचं कौतुक माझ्या तोंडून अर्ध्या गावानं ऐकलंय. कचेरी पायी, बाजार पायी, देऊळ, विहीर, वैद्य — सगळं पायी. आणि दारोदार ओटे. त्या ओट्यांचं मोल मात्र मळ्यातून भाजी आणणाऱ्या बायांना विचारावं. भरलं टोपलं ओट्यावर टेकवायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि निघताना हाक द्यायची. कारण एवढं ओझं एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. आमच्या गल्लीत ती हाक कधी दोनदा द्यावी लागली नाही.

एकदाच लागली.

ठकूमाय माळीण रोज आमच्याच ओट्यावर टेकायची. लहानपणी तिच्या टोपल्यातली गाजरं मी न विचारता उचलायचो. ती म्हणायची, "खाय रे उंदरा!" मी कचेरीत कारकून झालो, कोट घालू लागलो, तरी तिच्यासाठी उंदीरच राहिलो.

त्या दुपारी गल्ली रिकामी होती. सगळे देवळात कीर्तनाला गेलेले. माझ्याकडे रिठदचे पाहुणे आले होते — मोठे जमीनदार, मुलगी द्यायची म्हणून घर पाहायला. मी नवा कोट घालून बसलेलो. बोलत काय होतो? हेच — इथं सगळं कसं पायाशी आहे, माणूस माणसाच्या हाकेवर आहे. पाहुणे हसले, "म्हंजे गाडीबैलाचं कामच नाई म्हना!"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "उंदरा, ये उंदरा! हात लाव नं बाप्पा!"

मी बोलतच राहिलो.

"कोटवाल्या उंदरा! आयकून राह्यला का नाई?"

पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं. "कोनी बोलावून राह्यलं वाटते."

"शेजारच्या पोराले असंल," मी म्हणालो.

बैठकीपासून ओट्यापर्यंत सात पावलं. मी नंतर मोजलीत — किती वेळा, ते विचारू नका. लाज कशाची होती? उंदीर म्हणवून घेण्याची? कोटाला माती लागण्याची? एवढंसंच होतं ते. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

मग धप्पकन आवाज झाला.

ती ओट्याखाली बेशुद्ध पडली होती. अंगावर मेथी, वांगी, पालथं टोपलं. टोपल्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ तेवढी ओट्यावर, जागच्या जागी. कंबर मोडली ती मोडलीच. ठकूमाय पुन्हा आमच्या गल्लीत चालत आली नाही.

सोयरीक जमली. महिन्याभरानं मी ठकूमायला भेटायला मळ्यात गेलो. बाजेवर पडल्या पडल्या तिनं माझा हात धरला.

"कीर्तनाले गेलता का रे तू?"

मी मान डोलावली.

"तेच म्हनलं मी सुनेले. उंदीर घरी असता त धावत आला असता. चूक माहीच. थांबाले पाह्यजे होतं मले."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. चूक आपली, असं समजूनच गेली. मी तिच्या मयतीला गेलो, खांदाही दिला — तेव्हा हात पुढे आला माझा.

मी घरीच होतो. दोन्ही हाका मी ऐकल्या होत्या.