फोडशीचे क्रोमोझोम

लॅबमधले जुने लोक भेटले की एका किश्श्यातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजातल्या क्रोमोझोम मोजणाऱ्या टोळीचं तर विचारूच नका! आता हसतो, तेव्हा मात्र फाटायची.

बदलापूरची वैशाली पीएचडी करत होती. बारवी धरणाजवळच्या रानातून तिने फोडशी या रानभाजीची रोपं आणून घरी खिडकीतल्या कुंड्यांत लावली होती. त्यातल्या एकात तिला क्रोमोझोम दुप्पट दिसले; त्या कुंडीवर तिने खूण करून ठेवली. सगळा थीसिस त्या एका झाडावर! तिचे गाइड सर म्हणाले, "क्रोमोझोमचा फोटो दाखव, मग बोल."

*

मुळाचं टोक काचेवर ठेवायचं, वर पातळ काच, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने दाबायचं. कमी दाबलं की क्रोमोझोम एकमेकांवर चढलेले दिसतात. वैशालीने श्वास रोखून दाबलं. कट्! काच फुटली.

मी म्हणालो, "अगं, पेशी दाबायचीय, सरांचा गळा नाही!"

ती हसली नाही.

*

एकदा जमलं! सगळे सुटे सुटे. "हलू नका रे कोणी!" ती ओरडली. कॅमेरा लावला आणि लाइट गेली. लोडशेडिंग! आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीत नेला, तर बाहेर ढग. सर डोळा लावून म्हणाले, "मला तर अंधारच दिसतोय." लाइट येईपर्यंत स्लाइड वाळली. वैशाली आत जाऊन रडली.

*

वैशाली आणि मी क्रोमोझोम वेगवेगळे मोजायचो. माझा नेहमी एक कमी.

"एक कुठं खाल्लास?"

"टेबलाखाली बघ!"

सर वैतागले. "दुप्पट असतील तर झाड थोराड दिसायला हवं. रोपांच्या फोटोत मला तर सगळी सारखीच वाटतात. या महिन्यात नाही जमलं, तर विषय बदलू."

*

शेवटी वैशालीने हट्टाने सरांना रविवारी घरी बोलावलं, झाड नीट बघायला. मीही गेलो. तिच्या आईने आधी जेवायलाच बसवलं.

"वा वहिनी, फर्मास! कसली भाजी?" सरांनी विचारलं.

"फोडशी. आमच्या खिडकीतलीच!"

वैशाली ताटावरून उठून धावली. "आई! खुणेची कुंडी कापलीस?"

मी हातातला घास ताटात ठेवला. सर कसेबसे म्हणाले, "मुळं?"

"आहेत की कुंडीत, परत फुटेल!" काकू गोंधळल्या. "बाकीच्यांची पानं अगदीच बारीक हो. हीच तेवढी रुंद, जाडजूड. एका कुंडीत चौघांचं भागलं!"

सरांनी घास गिळला आणि वैशालीकडे बघितलं.

"विषय बदलायचा नाही," ते म्हणाले. "वहिनी, भाजी वाढा अजून!"