कोल्हारपर्यंतची गोष्ट

लढाईच्या दिवसांत नगर-मनमाड मोटारीत शेजारी एक म्हातारी बसली होती. तंबाखू मळत तिनं विचारलं, "काय करता?"

"कादंबरी लिहायचीय. वर्ष झालं, सुरुवातच जमत नाही."

"म्हंजी गोष्टच ना? मला सांगा की."

मी नायिकेचं गाव, घराणं, आजोबा सांगू लागलो. तिचा हात थांबला.

"पोरगी घर कवा सोडती?"

"तिसऱ्या प्रकरणात."

"तवर मी कोल्हारला उतरन. आत्ताच काढा तिला भाईर."

मी काढली, पार नदीपर्यंत आणली. म्हातारी जवळ सरकली. तंबाखू तळहातावरच राहिली. तेवढ्यात कोल्हार आलं. उतरता उतरता ती म्हणाली, "नदी वलांडती का मागं फिरती?"

मलाही ठाऊक नव्हतं. मी गुडघ्यावर कागद घेतला. मोटार सुटली तेव्हा माझी नायिका पाण्यात शिरली होती आणि पेन्सिल थांबायला तयार नव्हती.