मेंदूतला कचरा

“बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?” जेवता जेवता आमच्या ह्यांनी मलाच विचारलं.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मेंदूतला काही कचरा रक्तातून लिव्हरपर्यंत येतो आणि तिथल्या राखणदार पेशी तो गिळतात. त्या थकल्या तर कचरा मेंदूत साचत असेल, असा शोध चालू आहे. औषध अजून नाही. मला ते पटलं. पुढचं गटार कुणी उपसलं नाही, की घरातली मोरी तुंबतेच.

उखाण्याबाहेर ह्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. ऐकून तरी ओळखतील, म्हणून घेतलं. “दत्तात्रय.”

“भला माणूस असेल,” ते म्हणाले.

“बरा आहे. वरण गार होतंय, जेवा.”

ते जेवले आणि विसरले. लक्षात राहिलं ते माझ्या.