आईसाहेबांचं काय चुकलं?

“अगं बये, कर की तिला सून! तुज्या बाचं काय जातंय?”

असं ओरडून मावशी सूत गुंडाळायचा रहाट थांबवायची. ओरडणं कुणावर, तर मी वाचत असलेल्या कादंबरीतल्या आईसाहेबांवर! त्यांचा मुलगा मोठा सरदार, तो घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या पोरीवर जीव टाकतोय, आणि ह्या मात्र खानदानाच्या गप्पा मारत नाक मुरडतायत. “काळीज हाय का वरवंटा!” मावशी दातओठ खायची.

मावशी नात्यातली नव्हे, सगळी पेठच तिला मावशी म्हणायची. सोलापुरात, साखर पेठेत तिचे सहा हातमाग होते. आमच्याकडे एकही नव्हता. आई आणि मी तिच्याकडे सुताच्या कांड्या भरायला जायचो. जात एकच, पण पायरी वेगळी. मी चार बुकं शिकलेली. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की मावशी म्हणायची, “तू वाच. तुज्या कांड्या मी भरती.” मालकीण मजुराच्या कांड्या भरतेय, हे तुम्ही तरी कुठं पाहिलंय?

पुस्तकं तिचा मुलगा वाचनालयातून आणायचा. आता लपवू कशाला? आमचं जमलं. एक दिवस त्यानं मावशीला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी कांड्या भरायला गेले. मावशी एवढंच म्हणाली, “वाच.” आईसाहेब त्या पोरीला वाड्याबाहेर हाकलतात, नेमकं तेच पान आलं. मी थांबले. रहाट फिरतच राहिला.

“आईसायबाचंबी काय चुकलं?” मावशी म्हणाली.

मी पुस्तक ठेवलं आणि उठून घरी आले. आठ दिवस तिकडे फिरकले नाही.

नवव्या दिवशी ती स्वतःच आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. “पोरगी मागाय आलीया.”

आई घाबरली. “अक्का, आमच्याकडं द्यायाला कायबी न्हाय.”

“तिला द्या, झालं की. आट दिस झालं, त्या आईसायबाला दिलेल्या शिव्या मलाच ऐकू येत्यात.”

लग्न झालं. पुढेही मी तिला मावशीच म्हणत राहिले. ती कादंबरी मात्र तिनं पुन्हा उघडू दिली नाही. “नगं गं. त्या पोरीला परत घेतलंच नसंल, तर मला सोसायचं न्हाय.”

मावशी गेल्यावर, दिवसवार उरकल्यावर, मी ती कादंबरी वाचनालयातून मागवली आणि तिच्या रहाटाशेजारी बसून शेवटपर्यंत वाचली. आईसाहेबांनी त्या पोरीला सून करून घेतलंच नव्हतं. पुस्तक मांडीवर ठेवून मी ढसाढसा रडले. केवढ्या मोठ्या मनाची होती हो माझी सासू!