गोऱ्या गिटारवाल्याची पदवी आणि माझा बँजो

मी तिसरीतून शाळा सोडली. मास्तर उलटं सांगायचे, शाळेनं मला सोडलं. त्यामुळे एका गोऱ्या गिटारवाल्याचं आत्मचरित्र मी वाचलंय म्हटलं तर गाव अजून हसतं. पण वाचलं. पोरीनं कॉलेजच्या लायब्ररीतून मराठीत केलेलं आणलं होतं. म्हणाली, "वाचा आबा, तुमच्यावानीच शे तो."

मी लग्नाच्या बँडमध्ये बँजो वाजवायचो. पावसाळ्यात लग्नं नसतात, मग ओट्यावर बसून बोट ठेवून वाचायचं. जोडाक्षर आलं की गाडी फसायची, उतरून ढकलावी लागायची. तो गडी दारू पिऊन हॉटेलातला टीव्ही खिडकीतून फेकायचा, स्टेजवर झोपायचा, बायका त्याला सोडून जायच्या. आणि शेवटी सरकारनं बोलावून त्याला मोठी पदवी दिली! म्हटलं, माझं अर्धं काम तर झालेलं आहे. मीही एकदा वरातीत बँडच्या गाडीवरून नवरदेवाच्या मावशीच्या अंगावर पडलोय. टीव्ही तेवढा फेकला नाही, कारण तो बायकोच्या माहेरचा.

चहाच्या टपरीवर वाद लावला, अशाला पदवी द्यावी का? तिथं बसणारे म्हातारे नाना म्हणाले, "बेवड्याले पदवी? मंग आपलं गाव बठ्ठंच पद्मश्री शे."

"नाना, तो पडायचा, पण त्याची चाल कधी पडली नाही. बसलेल्या माणसाला जो नाचायला उठवतो, त्याला द्यायलाच पाहिजे."

"मंग तुले काय द्यावं?"

"एखादी शाल द्या."

"तू ती इकीसन दारू पिशी."

टपरी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. आपल्यावरचं हसणं दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

त्याच दिवसांत पोरीला जळगावचं स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, पोरीला मनापासून आवडलेला. अडचण एकच, मी. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?"

पुस्तकाच्या जोरात मी बोलून गेलो, "कलावंत आहे. परदेशात आमच्यासारख्याला सरकार पदवी देतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "ओळखलं तुम्हाला. माझ्या भावाच्या वरातीत पडला होता ते तुम्हीच. मावशीची कंबर अजून दुखते."

आत बायकोच्या हातून झारा पडला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "लग्न जळगावात करू. बँड नको, डीजे लावू. आणि तुम्ही हे वाजवणं सोडायचं. चार लोकांत काय सांगणार आम्ही?"

मी पोरीकडे पाहिलं. पुस्तक तिनंच आणलेलं, वाटलं, काहीतरी बोलेल. बोललीही. "सोडी द्या ना, आबा. तसाही तुमचा सूर आता लागत नही."

दुसऱ्या दिवशी बँजो बँडमालकाला देऊन टाकला. तो म्हणाला, "बरं झालं भाऊ. तुला कसं सांगू, याच विचारात होतो."

आमच्या खान्देशात लग्न लागायच्या आधी माइकवर सत्कार चालतात. मुहूर्त टळतो, नवरदेव घामानं भिजतो, पण एक पुढारी सुटत नाही. त्यात व्याह्यांनी माझंही नाव घातलेलं. माइकवाला ओरडला, "वधूपिता, प्रगतशील केळी उत्पादक!" आमच्या गावात प्यायचं पाणी टँकरनं येतं. मी मागे वळून बघितलं, कोण उठतंय. मग कळलं, मीच.

डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, टाळ्या. जन्मातला पहिला सत्कार. हात जोडून खुर्चीवर बसलो.

डीजे सुरू झाला तसा माझा पाय ठेका धरायला लागला. स्टेजवरून पोरीनं पाहिलं आणि डोळे वटारले. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

शेजारचे पाहुणे खरोखरचे केळीवाले होते. त्यांनी कानाशी वाकून विचारलं, "यंदा केळीवर करपा आला का हो तुमच्याकडे?"

"आला ना," मी म्हटलं. "बाग गेली सगळी."

ते बिचारे फार हळहळले.