मुद्दतीबाहेरचं इंजिन

खिल्लारे सिस्टर नव्या माणसाला भेटल्या की आधी त्याच्या तोंडाकडं नाही, पोटाकडं बघायच्या. सदऱ्याच्या बटणाआड बेंबी कुठं असेल याचा अंदाज घेतल्यासारखं करायच्या आणि मग ठणकावून सांगायच्या, "तुझी नाळ मी कापलीय." बोरी आणि आसपासच्या खेड्यांत एकतीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, बऱ्याचदा ते खरंच निघायचं. नसेल तेव्हाही समोरचा वाद घालायचा नाही. आपली नाळ कुणी कापली हे कुणाला आठवतं? या एका वाक्यावर त्यांनी एसटीत खिडकीची जागा मिळवली, तहसीलमधली रांग ओलांडली आणि एकदा तर वायरमनला भर उन्हात खांबावर चढवलं.

मी औषध निर्माता म्हणून बोरीच्या दवाखान्यात रुजू झालो तेव्हा माझ्याही पोटाकडं बघून झालं. मी म्हणालो, मी उदगीरचा आहे. त्या म्हणाल्या, "मग कापणारी माझ्यासारखीच कुनीतरी असंल. तिच्या नावानं नमस्कार करा." मी खरंच केला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'औषधवाले' झालो, आणि पुढच्या सगळ्या उद्योगांत नाइलाजानं भागीदारही.

दवाखान्यात त्यांचा एकच कायदा होता: "कागदावर न्हाई ते झालंच न्हाई." बाईला ताप आला, लिहा. उतरला, लिहा. डॉक्टरांनी 'काही नाही, होईल कमी' असं तोंडी सांगितलं की सिस्टर शांतपणे कार्ड पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हेच हितं लिहा अन् सही करा." डॉक्टर मग पेशंट पुन्हा तपासायचे. सही करायची वेळ आली की माणूस नीट बघतो, हे त्यांना कुठल्याही अधिकाऱ्याआधी कळलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटार घेतली. नवी, पांढरी, छोटी. गावात गंमतच झाली. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा मिलिंद पुण्यात नोकरीला, आणि या बाईला मोटार कशाला? मिलिंदनं फोनवर हेच विचारलं. त्या मला म्हणाल्या, "एकतीस साल मी बैलगाडीत बसले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले, दुधाच्या टेम्पोत बसले. कुठं बसायचं ते हरबार दुसऱ्यानं ठरवलं. आता मी ठरवायलेय."

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मोकळ्या पटांगणात त्या गाडी शिकल्या. पहिल्या आठवड्यात दोन म्हशी आणि एक हमाल यांना त्यांनी अशी धावपळ करायला लावली की हमालानं पुढं आठ दिवस दुसऱ्या दारानं येणं पसंत केलं. पण परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती बसवली आणि चाळीसच्या वेगानं सगळा जिल्हा पालथा घातला. बारसं असो, लग्न असो, साखरपुडा असो, आमंत्रण नसलं तरी त्या जायच्या. ज्याची नाळ आपण कापली त्याच्या लग्नाला आमंत्रण कसलं, असा त्यांचा सवाल असायचा.

तिसऱ्या वर्षी गाडी सकाळी चालू करताना टकटक आवाज करायला लागली. मला तो ऐकूही येत नव्हता. सिस्टरनी घरातून गरोदर बाईच्या पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची ती जुनी नळी आणली, बॉनेटवर टेकवली, कान लावला आणि घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या. शेजारपाजारचे दारात येऊन बघत होते. "ठोके चुकायलेत," त्या म्हणाल्या.

परभणीच्या शोरूममध्ये गाडी नेली. तिथं गाड्या तपासून घेणारा शेळके नावाचा माणूस होता, वालूरचा, चाळिशीचा, कायम कानावर पेन. त्यानं बॉनेट उघडून बंद केलं आणि सांगितलं की मॅडम, हे नॉर्मल आहे. सिस्टरनी पर्समधून एक कार्ड काढलं. गरोदर मातेच्या तपासणीचं जुनं कार्ड, निवृत्तीच्या वेळी उरलेलं. मातेच्या नावाच्या जागी गाडीचा नंबर होता. वजनाच्या रकान्यात किलोमीटर, रक्ताच्या रकान्यात ऑइलची पातळी, तक्रारीच्या रकान्यात 'थंडीत टकटक, ऑइल पिते'. सल्ल्याचा रकाना कोरा होता. "हितं लिहा, नॉर्मल हाय. अन् खाली सही." शेळके हसला, लिहिलं, सही केली. मीही हसलो. दर दोन महिन्यांनी हे होत राहिलं. चौथ्या खेपेला शेळके हसला नाही, पण सही त्यानं केली.

मग वॉरंटी संपली. सिस्टर तिला वॉरंटी म्हणत नसत; मुद्दत म्हणायच्या. मुद्दत संपून अकराव्या दिवशी आम्ही चारठाण्याहून एका बारशाचं जेवण करून परत निघालो होतो. गावाबाहेर आलो आणि बॉनेटखालून कुणीतरी लोखंडी घण मारल्यासारखा आवाज आला. गाडी थरथरली, धूर सोडला आणि थांबली. सिस्टरनी दोनदा किल्ली फिरवली. काहीच नाही. त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "गेलं," एवढंच म्हणाल्या.

ज्यांचं बारसं होतं त्यांच्याच ट्रॅक्टरनं गाडी दोरीनं ओढत जिंतूरपर्यंत आणली. सिस्टर मागच्या मेलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. रस्त्यावरचे लोक बघायला लागले तशा त्या सावरल्या आणि वरातीतल्या नवरीसारख्या त्यांना हात दाखवू लागल्या. मी मान खाली घालून बसलो.

तिथून ती परभणीला नेली आणि शोरूममध्ये इंजिन खोललं. आतलं बरंचसं भंगार झालं होतं. दुरुस्ती नाही, नवं इंजिनच टाकावं लागेल, असं निघालं. पेन्शनीतून ते जमणारं नव्हतं. मिलिंदचा फोन आला. त्यानं सांगितलं की गाडी भंगारात द्या, घराला कुलूप लावा आणि पुण्याला या. या वयात एकटं राहायचं कशाला. बोलणं काळजीचंच होतं. फोन ठेवून सिस्टर मला म्हणाल्या, "पुण्यात मला कोपऱ्यातली खुर्ची देतील. लय मऊ असंल. पन पुन्हा दुसऱ्यानंच दिलेली." तेव्हा मला कळलं की प्रश्न नुसत्या इंजिनाचा नव्हता.

शोरूमचे मॅनेजर वानखेडे. सभ्य माणूस, चहा पाजल्याशिवाय नकार न देणारा. सिस्टरनी त्यांच्या पोटाकडं बघून हुकमी वाक्य टाकलं. वानखेडे म्हणाले, मी अमरावतीचा. तो डाव वाया गेला. मग कार्ड पुढं आलं. वानखेड्यांनी ते उलटसुलट बघितलं, वरचं 'माता व बालक' वाचलं आणि नम्रपणे सांगितलं की आमच्या कॉम्प्युटरवर या गाडीची एकही तक्रार नाही. चारही वेळा 'सर्व ठीक' असंच आहे. हे कार्ड कंपनी कसं मानणार? मुद्दतीबाहेर अकरा दिवस म्हणजे बाहेरच.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बीपीचं मशीन घेऊन शोरूममध्ये गेल्या आणि गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसल्या. मला रजा टाकायला लावून सोबत नेलं होतं. येईल त्याचं त्या फुकट बीपी तपासू लागल्या. गाडी घ्यायला आलेला माणूस तसाही धडधडतच असतो. त्याच्या दंडाला पट्टा बांधून त्या मायेनं विचारायच्या, कोणती गाडी घ्यायलाव? मग म्हणायच्या, "घ्या की. लय चांगली गाडी हाय, मीबी घेतलीय. फकस्त काय बिघडायचं ते मुद्दतीच्या आत बिघडू द्या." एकही वाईट शब्द नाही, एकही खोटा शब्द नाही. गिऱ्हाईक सोफ्यावरून उठायचं आणि वानखेड्यांच्या केबिनमध्ये जाऊन भलतेच प्रश्न विचारायचं. तीन दिवस हे चाललं. बाईला काढावं तर कोणत्या कारणानं काढावं, हे वानखेड्यांना सुचेना. शोरूममधला निम्मा स्टाफ रांग लावून स्वतःचं बीपी तपासून घेत होता.

चौथ्या दिवशी वानखेडे स्वतः सोफ्याशी आले आणि हात जोडून, आता पुरे करा, असं म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, जाते, पण सगळ्यांचं झालं, तुमचं राहिलं. वैतागून त्यांनी हात पुढं केला. सिस्टरनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मग दुसऱ्या हाताला बांधून बघितलं. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. दवाखान्यात अवघड बाई आली की असा व्हायचा.

"साहेब, तुमचं बीपी लय वाढलंय."

"तुमच्यामुळंच वाढलंय, मॅडम."

"माझ्यामुळं पाच-सातनं वाढंल. हे जुनं हाय. सकाळी उठल्यावर डोस्कं दुखतंय का?"

वानखेड्यांचा हात नकळत कपाळाकडं गेला. दुखत होतं. पण ही बाईची नवी चाल असणार असा त्यांचा समज झाला आणि ते केबिनकडं वळले. सिस्टरनी मशीन पिशवीत घातलं, वाट अडवून उभ्या राहिल्या आणि सांगितलं, गाडीचं राहू द्या, ती कुठं पळून जात नाही; तुम्ही आधी डॉक्टरकडं चला. मला म्हणाल्या, "औषधवाले, ह्यांना घेऊन जा. सही-शिक्क्याचा कागद घेतल्याबिगर परत आणू नका."

मी नेलं. डॉक्टर वानखेड्यांवर चांगलेच रागावले. आणखी थोडे दिवस असंच काढलं असतं तर काही खरं नव्हतं म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, चार दिवस सक्तीची विश्रांती. त्या चार दिवसांत सिस्टर शोरूमकडं फिरकल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आजारी मानसाशी भांडण करायचं नसतंय. त्याला उठू द्या. मग बघू."

पाचव्या दिवशी वानखेड्यांचाच फोन आला. कार्ड घेऊन या. आम्ही गेलो तेव्हा केबिनमध्ये शेळके उभा होता. वानखेड्यांनी कार्ड त्याच्यापुढं ठेवून सही कुणाची आहे असं विचारलं. शेळकेनं कानावरचा पेन काढला, पुन्हा ठेवला. मग म्हणाला, "माझीच. मॅडम दर वेळी आवाजाचं सांगत होत्या. मी कॉम्प्युटरवर टाकलं न्हाई. टाकलं असतं तं इंजिन खोलावं लागलं असतं." सिस्टर त्याच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता त्याचं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "खरं बोललास. तुझी नाळ मीच कापली असंल." त्यांनी वालूरला एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. पण शेळके मान डोलावून बसला. आणि त्याला कामावरून काढायचं नाही, ही अट त्यांनी वानखेड्यांना इंजिनाच्या आधी घातली.

वानखेड्यांनी कार्डाची छायाप्रत, शेळकेचा जबाब आणि स्वतःचं पत्र कंपनीला पाठवलं. तक्रार मुद्दतीच्या आतली, बिघाड मुद्दतीच्या बाहेरचा, असं त्यात लिहिलं होतं. कंपनीनं आधी नकार दिला. वानखेड्यांनी पुन्हा लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं: इंजिन कंपनीचं, बसवायची मजुरी गिऱ्हाइकाची. पत्रात 'गुडविल' असा शब्द होता. सिस्टरनी त्याचा अर्थ माझ्याकडून समजून घेतला आणि म्हणाल्या, "म्हंजे आपलं नेहमीचंच. बाळंतपण सरकारी, तेल-साबण घरचं." पुढं त्या स्वतःबद्दलही तेच सांगू लागल्या. तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं: साठीला मुद्दत संपली, आता गुडविलवर चाललंय.

नवं इंजिन बसलं तेव्हा मिलिंद पुण्याहून आला. आईला समजावून घेऊन जायचं ठरवून आला असावा. सिस्टरनी त्याला काही बोलू दिलं नाही; किल्ली त्याच्या हातात दिली, चल, चक्कर मारून आण म्हणाल्या. मिलिंद किल्लीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आई, मला येत नाही." पुण्यात तो कंपनीच्या बसनं जायचा. सिस्टर एवढ्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मोंढ्यात शिकवणी सुरू झाली. चाळिशीतला पोरगा घामाघूम होऊन क्लच सोडतोय, आणि शेजारी बसलेली आई त्याला सांगतेय, "घाई करू नको. कळ पुरी येऊ दे, मग सोड." पुण्याला न्यायचा विषय त्यानं परत काढला नाही, महिन्यातून एकदा शिकायला मात्र येत राहिला.

मागच्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. जिंतूरला कुणाच्या तरी साखरपुड्याला जाऊन आल्या, गाडी लिंबाच्या सावलीत लावली, हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या, घरात येऊन पाणी प्यायल्या आणि आडव्या झाल्या. उठल्या नाहीत. शेजारणीनं मला फोन केला. मी पोचलो तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. वानखेडे परभणीहून आले होते. शेळके आला होता. तो लहान मुलासारखा रडत होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मिलिंद घर आवरून निघाला. मी विचारलं, गाडी विकणार का? तो म्हणाला, नाही, पुण्याला नेतो. एकटेच? एकटाच. त्यानं आरसा नीट केला, पट्टा बांधला आणि माझा हात घट्ट धरला. मग गाडी चालू केली. वळणावर ती एकदा बंद पडली. पुन्हा चालू झाली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि भोंगा वाजवू लागला. मिलिंद बाजूला झाला नाही. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, ट्रॅक्टरवाल्याला दम धर अशी खूण केली आणि रस्त्याच्या मधून, आपल्याच चालीनं, निवांत पुढं गेला.