आत की बाहेर

पूररेषेचा नकाशा पाटबंधारे कार्यालयाच्या भिंतीवर होता, पण नकाशातल्या आमच्या गल्लीवर नेमकं लोखंडी कपाट उभं होतं. घरावर मजला चढवायच्या परवानगीसाठी घर रेषेच्या आत की बाहेर, एवढंच कळायला हवं होतं.

"नगरपालिकेत विचारा," कारकून म्हणाला.

"त्यांनीच इकडे पाठवलंय," असं म्हणून बायको भिंतीला गाल टेकवून कपाटामागे डोकावली. "निळी रेषा आपल्या गल्लीवरूनच गेलीय. पण ती गल्लीएवढीच जाड आहे."

दोनदा आमच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या नदीला असली शंका कधी आली नव्हती. मी चरफडत बाहेर पडलो.

"मजला राहू दे," ती म्हणाली. "धान्याच्या डब्यांसाठी उंच माळा करून घेऊ. त्याला नकाशा लागत नाही."